हडलविना आक्रमण : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील वेग आणि साधेपणाचे गणित

नवी दिल्ली : टेक्सास राज्यातील लबक शहरात २२ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या महाविद्यालयीन फुटबॉल सामन्यात टेक्सास टेकचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याने ८८ वेळा चेंडू फेकला, त्यातून ७३४ यार्ड मिळवले आणि तरीही त्याचा संघ ओक्लाहोमाकडून ५९-६६ असा पराभूत झाला. त्या रात्री दोन्ही संघांनी प्रत्येकी नेमके ८५४ यार्ड अंतर कापले. एका सामन्यात ७३४ यार्डांच्या फेकी हा विक्रम त्याआधी दोन वर्षे वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडे याच्या नावावर होता. योगायोग असा, की त्याच्याही संघाने तो सामना ५९-६० असा एका गुणाने गमावला होता.

या दोन्ही पराभवांत एक समान धागा आहे. दोन्ही संघ ज्या आक्रमणपद्धतीने खेळत होते, तिची जडणघडण आयोवा राज्यातील एका लहानशा महाविद्यालयात झाली. फार थोड्या चाली, त्यांचा अखंड सराव आणि प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ न देणारी घाई हे तिचे सूत्र. या सूत्राने गेल्या पाव शतकात अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचा चेहरामोहरा बदलला. मोठमोठ्या प्रशिक्षकांना त्यामुळे आपली मते बदलावी लागली आणि नियम बनवणाऱ्यांनाही वारंवार बैठका घ्याव्या लागल्या.

विरामाचा खेळ

येथे ज्याला फुटबॉल म्हटले आहे तो भारतात परिचित असलेला पायाने खेळायचा खेळ नव्हे. १०० यार्ड लांबीच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी ११-११ खेळाडू असतात. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्यक्ष खेळ काही सेकंदांचाच असतो. मध्यरक्षक चेंडू मागे देतो, त्यानंतर धाव किंवा फेक होते, खेळाडू एकमेकांवर आदळतात आणि शिट्टी वाजते. मग विराम. सामन्याचा मोठा भाग या विरामांतच जातो आणि डावपेचांची खरी लढाईही तेथेच चालते.

परंपरेने या विरामात आक्रमक संघाचे अकरा खेळाडू गोल करून, डोकी जवळ आणून उभे राहतात. यालाच हडल म्हणतात. पुढची चाल कोणती हे क्वार्टरबॅक तेथे सांगतो. या प्रथेचा उगम साधारणपणे वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या शिक्षणसंस्थेत मानला जातो. १८९० च्या दशकात तेथील क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याने आपल्या खुणा प्रतिस्पर्ध्यांना दिसू नयेत म्हणून सहकाऱ्यांना गोलात उभे केले, असे सांगितले जाते. गुप्ततेसाठी जन्मलेल्या या प्रथेला पुढे दुसरेच महत्त्व आले. हडलच्या आडोशाने चाली अधिकाधिक गुंतागुंतीच्या होत गेल्या. एकेका चालीच्या नावात फळीची रचना, अडवणुकीची पद्धत आणि प्रत्येकाचा मार्ग सांगणारे दहा-बारा शब्द येऊ लागले. व्यावसायिक संघांच्या चालींच्या वह्या तर शेकडो पानांच्या असतात.

हडल काढून टाकला तर काय होते, हा प्रश्न येथून सुरू होतो. क्रिकेटमध्ये एखादा फिरकी गोलंदाज झपाझप षटक उरकतो, तेव्हा फलंदाजाला आणि त्याहून अधिक प्रतिस्पर्धी कर्णधाराला विचार करायला वेळ मिळत नाही. येथेही तेच घडते, पण परिणाम कितीतरी कठोर असतो. कारण येथे समोर उभे असलेले बचावपटू ३०० पौंडांचे, म्हणजे सुमारे १३६ किलो वजनाचे असतात आणि प्रत्येक चालीत त्यांना पूर्ण ताकदीनिशी तितक्याच वजनाच्या माणसावर आदळायचे असते. २० सेकंदांत पुन्हा तेच करायचे आणि त्यानंतर पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी पाय जड होतात आणि हात कमरेवर जातात.

त्यात बदली खेळाडूंचा नियम आक्रमक संघाच्या बाजूचा आहे. आक्रमणाने खेळाडू बदलला तर पंच चेंडूपाशी उभे राहून बचावालाही बदलासाठी वेळ देतात. आक्रमणाने कोणालाच बदलले नाही तर मात्र बचावाला अशी सवलत मिळत नाही. दमलेला बचावपटू मैदानाबाहेर जात असतानाच चेंडू खेळात आला तर दंड होण्याची भीती असते. म्हणजे तेच अकरा खेळाडू मैदानावर अडकून पडतात.

या घाईला २००८ मध्ये नियमबदलाने आणखी बळ दिले. तोपर्यंत पंचांनी चेंडू खेळण्यास सज्ज असल्याची खूण केल्यानंतर २५ सेकंदांचे घड्याळ सुरू होत असे, त्यामुळे सामन्याची गती बऱ्याच अंशी पंचांच्या हाती होती. नव्या नियमानुसार आधीची चाल संपताच ४० सेकंदांचे घड्याळ सुरू होऊ लागले. वेळेत सुसूत्रता आणणे हा हेतू होता. घडले ते वेगळेच. पंचांनी चेंडू जागेवर ठेवला, की आक्रमण हवे तेव्हा खेळ सुरू करू शकले. चाळीसपैकी पंधरा सेकंदांतच पुढची चाल सुरू करणारे संघ दिसू लागले.

थोडक्या चाली, पुष्कळ सराव

घाई करायची तर बोलायला वेळ नाही आणि बोलायला वेळ नाही म्हणजे सांगण्यासारखेही फार काही असता कामा नये. साधेपणा वेगाबरोबर येतो तो असा. मात्र इतिहासात क्रम उलटा आहे. आधी साधेपणा आला, वेग त्याच्या मागून.

हॅल मम हे १९८९ मध्ये आयोवा वेस्लियन महाविद्यालयाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्या संघाने आधीच्या हंगामात एकही सामना जिंकला नव्हता. त्यांचे सहायक म्हणून आलेले माईक लीच स्वतः महाविद्यालयीन फुटबॉल कधी खेळले नव्हते. त्यांच्याकडे पदवी होती ती कायद्याची. नामांकित संघ ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत अशाच खेळाडूंवर या दोघांची मदार होती. ताकदीने जिंकणे शक्य नव्हते. मग त्यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील लाव्हेल एडवर्ड्स यांच्या फेकीप्रधान खेळातील काही चाली उचलल्या, बाकी सारे फेकून दिले आणि उरलेल्याचा सराव सुरू केला. ‘एअर रेड’ या नावाने ती पद्धत ओळखली जाऊ लागली. जॉर्जियातील व्हॅल्डोस्टा स्टेट आणि मग केंटकी असा या जोडीचा प्रवास झाला. पुढे लीच टेक्सास टेकचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि तेथे दहा हंगाम राहिले. सामन्याच्या दिवशी इतर प्रशिक्षकांच्या हाती रंगीबेरंगी चौकटींनी भरलेले मोठे तक्ते असत. लीच यांच्या हाती असे ती एक घडी घातलेली कागदाची चिठ्ठी.

या साधेपणामागे एक व्यावहारिक कारण आहे आणि ते बहुतेकदा नजरेआड राहते. महाविद्यालयीन खेळाडू हा नियमांच्या दृष्टीने विद्यार्थी आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या नियमानुसार हंगामात त्याच्याकडून आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक सक्तीचा सराव करून घेता येत नाही. या नियमाच्या पळवाटा सर्वश्रुत आहेत, तरीही व्यावसायिक खेळाडूसारखा दिवसभराचा वेळ येथे मिळत नाही हे खरेच. शिवाय काही वर्षांत तो खेळाडू निघून जातो आणि नव्याने शिकवणे सुरू होते. वीस तासांत शंभर चाली अर्ध्याकच्च्या शिकवायच्या, की वीस चाली डोळे मिटून करता येतील इतक्या घोटून घ्यायच्या? मम आणि लीच यांनी दुसरा मार्ग निवडला. बचावपटूंना पुढची चाल ओळखू आली तरी हरकत नाही, ती आपण त्यांच्यापेक्षा चांगली करू, असा हा विचार होता.

१ नोव्हेंबर २००८ रोजी लबकमध्येच लीच यांच्या संघाने अग्रमानांकित टेक्सास विद्यापीठाला ३९-३३ असे हरवले. सामना संपायला एक सेकंद उरला असताना ग्रॅहम हॅरेलची फेक मायकेल क्रॅबट्रीने कडेच्या रेषेलगत झेलली आणि बचावपटूच्या हातून निसटून तो गोलपट्ट्यात शिरला. टेक्सास विद्यापीठाकडे पैसा, परंपरा आणि खेळाडू यांपैकी कशाचीही वाण नव्हती.

धावण्याच्या खेळातही असाच एक शोध लागला. पश्चिम व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात रिच रॉड्रिग्ज यांनी १९९० च्या दशकात ‘झोन रीड’ ही चाल विकसित केली. तिच्यात फळीच्या कडेचा एक बचावपटू मुद्दाम मोकळा सोडला जातो. क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि त्या बचावपटूकडे पाहतो. तो आत धावला तर चेंडू काढून घेऊन स्वतः बाहेरून पळायचे, तो जागेवर थांबला तर चेंडू सोडून द्यायचा. कबड्डीत चढाईपटू कोपरारक्षकाच्या पायांकडे पाहून पुढची हालचाल ठरवतो, तसेच काहीसे. ज्याला अडवायला कोणी नाही तो बचावपटू काहीही करो, त्याचे चुकतेच. पुढे याच कल्पनेला फेकीचीही जोड मिळाली. एकाच चालीत धाव आणि फेक असे दोन्ही पर्याय खुले ठेवून चेंडू हाती आल्यानंतर निर्णय घेतला जाऊ लागला. खेळाडूंना शिकवायला ही चाल सोपी आहे, समोरच्याला मात्र ती अतिशय अवघड वाटते. साधेपणा हा शब्द येथे याच अर्थाने घ्यावा लागतो.

महाविद्यालयीन नियमांचाही तिला आधार आहे. फेकीच्या चालीत फळीतील खेळाडूंना येथे तीन यार्ड पुढे जाता येते, व्यावसायिक खेळात ही मर्यादा एक यार्डाची आहे. मैदानावरील आतल्या खुणांच्या रेषा महाविद्यालयीन खेळात एकमेकींपासून ४० फूट अंतरावर असतात, तर व्यावसायिक खेळात हे अंतर साडेअठरा फूट असते. चेंडू अशा खुणेवर असेल तर १६० फूट रुंद मैदानाच्या एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा उरते. चार-पाच चपळ खेळाडू त्या रुंदीवर विखुरले, की बचावालाही पांगावे लागते आणि मध्ये वाट मोकळी होते.

पाटीवरची चित्रे

वेग आणि साधेपणा यांचा सर्वांत देखणा मेळ ओरेगॉन विद्यापीठात दिसला. चिप केली तेथे २००७ मध्ये आक्रमणाचे प्रशिक्षक म्हणून आले, २००९ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि चार हंगामांत त्यांच्या संघाने ४६ सामने जिंकले, केवळ सात गमावले. मैदानाच्या कडेला चार चौकटींच्या मोठ्या पाट्या उंच धरलेल्या दिसत. त्यांवर प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे, बोधचिन्हे, प्राणी असे काहीही असे. खेळाडू एक नजर टाकत आणि चाल त्यांना कळे. कोणती पाटी खरी आणि कोणती दिशाभूल करणारी, हे फक्त त्यांनाच ठाऊक. सरावही सामन्यापेक्षा वेगाने, संगीताच्या दणदणाटात होत असे. २०१० मध्ये ओरेगॉनने सामन्यामागे सरासरी ४७ गुण मिळवले. प्रतिस्पर्धी मध्यंतरापर्यंत टिकून राहत आणि उत्तरार्धात कोसळत, असे त्या हंगामात वारंवार घडले.

अंतिम सामन्यात ओरेगॉनला ऑबर्नने १९-२२ असे रोखले. ऑबर्नच्या आक्रमणाची सूत्रे गस मालझान यांच्याकडे होती. आर्कान्सामधील शाळांमध्ये प्रशिक्षक असताना हडलविना खेळण्यावर पुस्तक लिहिणारे हेच ते गृहस्थ.

या पद्धतीची किंमतही ओरेगॉननेच दाखवून दिली. झटपट खेळणारे आक्रमण तीन चालींत अपयशी ठरले तर त्याचा स्वतःचा बचाव मिनिटभरात पुन्हा मैदानावर येतो. स्टॅनफर्डने हे अचूक हेरले. नोव्हेंबर २०१२ मध्ये अग्रस्थानी असलेल्या ओरेगॉनला त्यांनी जादा वेळेत १७-१४ असे हरवले. पुढच्या वर्षी ६० मिनिटांच्या सामन्यात ४२ मिनिटांहून अधिक काळ चेंडू आपल्याकडेच ठेवून स्टॅनफर्डने २६-२० असा विजय मिळवला. वेगवान आक्रमण बाकावर बसून राहिले. केली व्यावसायिक फुटबॉलमध्ये फिलाडेल्फियाकडे गेले, तेव्हा पहिल्या वर्षी यश आले, पण तिसरा हंगाम संपण्यापूर्वीच त्यांना पदावरून दूर करण्यात आले. मोठ्या वह्या पाठ करणाऱ्या पूर्णवेळ बचावपटूंपुढे थोडक्या चाली लवकर उघड्या पडतात, हे त्यामागचे एक कारण मानले गेले.

दहा सेकंदांचा वाद

अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये या घाईबद्दल जाहीर प्रश्न उपस्थित केला. फुटबॉल असाच असावा का, आणि दमलेल्या खेळाडूंना बदलता येत नसेल तर त्यांच्या सुरक्षिततेचे काय, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच महिन्यात जॉनी मँझेल याच्या टेक्सास ए अँड एम संघाने हडलविना खेळत सेबन यांच्या संघाला त्यांच्याच मैदानावर २९-२४ असे हरवले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम समितीने एक प्रस्ताव मांडला. प्रत्येक चालीआधी बचावाला खेळाडू बदलण्यासाठी दहा सेकंद मिळावेत आणि ४० सेकंदांच्या घड्याळात २९ सेकंद उरण्यापूर्वी चेंडू खेळात आणणाऱ्या आक्रमणाला पाच यार्डांचा दंड व्हावा, असे त्यात म्हटले होते. दोन्ही अर्धांतील शेवटची दोन मिनिटे यातून वगळली होती. सेबन आणि आर्कान्साचे ब्रेट बिलेमा यांनी समितीसमोर आपली बाजू मांडली होती. त्या वर्षी नियमबदलाचा क्रम नव्हता, केवळ सुरक्षिततेशी संबंधित बदलच करता येणार होते. त्यामुळे हा प्रस्ताव सुरक्षिततेच्या नावानेच येऊ शकत होता आणि त्याच्या विरोधकांना नेमका येथेच संशय होता. वेगाने खेळल्याने दुखापती वाढतात याचा पुरावा काय, असा प्रश्न वेगवान संघांच्या प्रशिक्षकांनी विचारला. समितीला समाधानकारक उत्तर देता आले नाही आणि मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला.

पुरावा नव्हता याचा अर्थ प्रश्नच नव्हता असा होत नाही. चाली वाढल्या की आदळणे वाढते, इतके तरी अंकगणित कोणालाही समजते. मात्र तो युक्तिवाद करणारे बहुतेक जण अशा संघांचे होते, ज्यांच्याकडे राखीव फळीतही उत्तम खेळाडू होते आणि ज्यांना बदलाच्या सवलतीचा सर्वाधिक लाभ झाला असता. साधनांनी दुबळ्या संघांना बरोबरी साधून देणारे हत्यार काढून घेतले जात आहे, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती.

सेबन यांनी मात्र वाद लांबवला नाही. त्याच वर्षी त्यांनी लेन किफिन यांना आक्रमणाचे प्रशिक्षक म्हणून आणले आणि अलाबामाचा खेळ बदलू लागला. २०२० मध्ये त्यांचा संघ सामन्यामागे ४८ हून अधिक गुण मिळवत अपराजित राहिला आणि अंतिम सामन्यात त्याने ओहायो स्टेटला ५२-२४ असे हरवले. श्रीमंत संघांनी हे हत्यार उचलल्यानंतर दुबळ्यांची सोय पुन्हा संपली, ही या कथेतील कमी चर्चिली गेलेली बाजू आहे. तशी ती पूर्णपणे संपली असेही नाही. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीने अलाबामाला ५२-४९ असे नमवले, तेव्हा टेनेसीचे प्रशिक्षक होते जॉश ह्यूपेल. १९९९ मध्ये लीच ओक्लाहोमात आक्रमणाचे प्रशिक्षक असताना त्यांनी घडवलेला क्वार्टरबॅक तो हाच. लीच यांचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निधन झाले.

साध्या पद्धतीत वाढलेले क्वार्टरबॅक व्यावसायिक खेळात चालत नाहीत, हा समजही आता कोणी फारसा बोलून दाखवत नाही. एअर रेडच्या छायेत वाढलेले बेकर मेफिल्ड आणि कायलर मरी हे २०१८ आणि २०१९ च्या व्यावसायिक निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. लबकमधील त्या रात्रीचा पराभूत महोम्स पुढे तीन वेळा सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शिरस्त्राणातील आवाज

अलीकडच्या नियमबदलांनी गती काहीशी मंदावली आहे. २०२३ पासून, दोन्ही अर्धांतील शेवटची दोन मिनिटे वगळता, दहा यार्ड पूर्ण झाल्यावरही सामन्याचे घड्याळ थांबत नाही. त्यामुळे चालींसाठी उरणारा वेळ घटला. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाशी संबंधित खुणा चोरण्याचे प्रकरण गाजले आणि २०२४ पासून सर्वोच्च श्रेणीतील संघांना एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवण्याची मुभा मिळाली. चित्रांच्या पाट्यांची गरज कमी झाली. मात्र घड्याळात १५ सेकंद उरताच हा आवाज बंद होतो. त्यामुळे आता अनेक संघ धावत येऊन रांगेत उभे राहतात आणि मग थांबतात. बचावाची रचना पाहून प्रशिक्षक वरून चाल बदलून सांगतो. एकेकाळी समोरच्याला विचार करू न देण्यासाठी होणारी घाई आता स्वतःला विचार करायला वेळ मिळावा म्हणूनही होते.

बचावाकडे इतकी वर्षे एकच सहज उपाय होता, तो म्हणजे खाली पडणे. दुखापत झाली की खेळ थांबतो, सहकाऱ्यांना पाणी मिळते, बदली खेळाडू येतो. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ओरेगॉनला १५ गुणांवर रोखले, त्या सामन्यात खेळाडूला खोटी दुखापत भासवण्यास सांगितल्याबद्दल एका प्रशिक्षकाला नंतर एका सामन्यासाठी निलंबित व्हावे लागले. पुढेही असे प्रकार घडत राहिले आणि प्रेक्षकांनी खऱ्या जखमींनाही हुर्यो दिली. २०२५ च्या हंगामापासून यावर नवा नियम आला. पंचांनी पुढच्या चालीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखाद्या खेळाडूच्या तपासणीसाठी वैद्यकीय पथक मैदानात आले, तर त्याच्या संघाचा एक टाइमआऊट जातो. टाइमआऊट उरला नसेल तर पाच यार्डांचा दंड होतो. डोक्याला धक्का बसलेल्या खेळाडूला चेंडू ठेवला जाण्यापूर्वीच खाली बसायचे सुचेल का, आणि नंतर सुचले तर एक टाइमआऊट वाचवण्यासाठी तो उभाच राहील का, हे त्या वेळी त्या १९-२० वर्षांच्या मुलालाच ठरवावे लागते आणि त्यासाठी त्याच्या हाती फार थोडे सेकंद असतात.